पहिला येईल त्याच्या हातावर सरस्वती

१९ ज्येष्ठ, बंगाब्द १२७५

हेडपंडितांचा हुकूम झाला आहे की इथे शिकायला आलेल्या प्रत्येक गुरूनं रोज वही लिहायची, म्हणजे गद्याला वळण लागेल. शनिवारी ते स्वतः तपासणार. त्या वहीत मी आज लिहिलं, 'प्रातःकाळी उठलो. ईश्वराचे स्मरण केले. विद्याभ्यास केला.' यातलं उठलो एवढंच खरं. ही दुसरी वही माझी स्वतःची. ही पेटीच्या तळाशी, धोतरांखाली राहील.

मी वैकुंठ नंदी, शालिकडांग्याचा गुरुमशाय. इथे वय विचारलं तेव्हा पंचेचाळीस सांगितलं. बरीच वर्षं गिळली. गावातले बडे गृहस्थ हलधर मुखुज्ये, त्यांच्या दारच्या चंडीमंडपात, म्हणजे देवीच्या मंडपात, चटई टाकून मी अर्ध्या गावाला अक्षरं आणि हिशेब शिकवले, बापांनाही आणि त्यांच्या पोरांनाही. आणि आज सदरच्या, म्हणजे जिल्ह्याच्या गावच्या, नॉर्मल स्कुलात मीच विद्यार्थी होऊन बाकावर बसलो. बाकावर बसायची जन्मातली पहिलीच वेळ. पायांना मुंग्या आल्या म्हणून वर घेऊन मांडी घातली, तर हेडपंडित सगळ्यांसमोर म्हणाले, "नंदीमशाय, पाय खाली."

हे सगळं सरकारच्या नव्या टुमीपायी. जुन्या पाठशाळांना दरमहा मदत मिळणार, पण गुरू सरकारी पद्धतीनं शिकलेला हवा. शेजारच्या गावात ती मदत सुरू झाली आणि मुखुज्यांच्या पोटात दुखायला लागलं. मला बोलावून म्हणाले, "चार महिने जा आणि सर्टिफिकेट घेऊन या. नाही मिळालं तर परत येऊन बसायची तसदी घेऊ नका. माझा भाचा रिकामाच आहे, त्याला इंग्रजी अक्षरंसुद्धा येतात." म्हणजे नापास झालो तर माझी चटई गेली. या वयात मला दुसरं काय येतं? त्याचा विचारच करत नाही.

२२ ज्येष्ठ

माझ्या खोलीत बांछाराम कर म्हणून एक गुरू आहे. त्याला उघड्या डोळ्यांनी झोपायची विद्या साधली आहे. वर्गात हेडपंडितांकडे एकटक बघत घोरतो, आणि हेडपंडित म्हणतात, याच्याइतका एकाग्र विद्यार्थी पाहिला नाही.

भूगोल आणि गणिताला महिमाचरण दास नावाचा मास्तर आहे. तिशीही उलटली नसेल. चष्म्याआड मोठाले वाटोळे डोळे. वाचून वाचून झाले असतील. हजेरी घेताना सगळ्यांची नावं घेतली, माझ्यापाशी येऊन अडला. घसा खाकरला आणि म्हणाला, "आणि आपण... आलातच." नाव विसरला असणार. एवढी कच्ची आठवण आणि हा आम्हाला सगळ्या पृथ्वीच्या नद्या शिकवणार.

संध्याकाळी त्याच्या ओसरीवरून गेलो. बिचारा हुक्का ओढत बसला होता, मला बघताच झटकन उठला आणि हुक्का दाराआड सारला. म्हणजे मी एक झुरका मागेन याची भीती. तंबाखूसाठी एवढा चिकटपणा मी कायस्थाच्या पोटी जन्मून पाहिला नव्हता.

२७ ज्येष्ठ

आज हेडपंडितांनी छडीविरुद्ध व्याख्यान दिलं. मुलांना मारायचं नाही, विटा धरायला लावायचं नाही, उन्हात उभं करायचं नाही. मग काय करायचं, तर त्यांना गोडी लावायची. आम्ही सगळे गुरू एकमेकांकडे बघत राहिलो.

मला राहवलं नाही. उभा राहिलो आणि म्हणालो की छडीतही न्याय असतो, तो आधी ऐकून घ्या. माझ्या पाठशाळेत सकाळी जो पहिला येईल त्याच्या तळहातावर मी सरस्वतीचं नाव लिहितो. दुसऱ्याच्या हातावर शून्य, म्हणजे ना कौतुक ना शिक्षा. तिसऱ्याला एक छडी, चौथ्याला दोन, आणि असं शेवटच्यापर्यंत चढत जायचं. सगळ्या गुरूंनी माना डोलावल्या. त्यांच्याकडेही हेच चालतं.

हेडपंडितांनी विचारलं, "आणि शेवटच्याचं काय होतं?"

मी त्यांना पेंचोची गोष्ट सांगितली. नदीपलीकडच्या नावाड्याचा पोर. डोळे घुबडासारखे म्हणून पेंचो; खरं नाव काय ते त्याच्या बापाला माहीत. पाठशाळेत सगळे हाबुल, गोबरा आणि पेंचोच असतात, चांगलं नाव लग्नात नाहीतर कोर्टात बाहेर काढायचं. पलीकडची सगळी पोरं याच्याच बापाच्या नावेतून यायची. काठाला लागली की उड्या मारून धावत सुटायची, आणि हा बापाबरोबर नाव बांधायला मागे राहायचा. त्यामुळे रोज शेवटचा. छड्यांचा सगळ्यात मोठा वाटा रोज त्याचा. पण पोर चिवट, रडायचा नाही, नुसता डोळे वटारून बघायचा. एकदा म्हणालासुद्धा, मशाय, मी नाव बांधत होतो. मी सांगितलं, नियम म्हणजे नियम.

वर्ग पोट धरधरून हसला. महिम मास्तर दाराशी उभा होता, तो मात्र हसला नाही. अंगठ्यानं आपला तळहात चोळत होता. काही माणसांना विनोदाचं अंगच नसतं.

३ आषाढ

महिम मास्तराला मूळव्याध आहे, हे मी आज नक्की केलं. आमच्या वर्गात तो एकदाही खुर्चीवर बसलेला नाही. तास लांबला तरी उभा, गणितं तपासताना उभा, पाय दुखले की या पायावरून त्या पायावर. बांछारामचं म्हणणं, बाजूच्या वर्गात तो बसतो. मी म्हटलं, हे दुखणं असंच असतं, कधी जास्त कधी कमी.

माणूस चिकट असला तरी दुःख बघवत नाही. बाजारातून चांगला मोठा सुरण आणला आणि त्याच्या दाराशी जाऊन सांगितलं, "चिंच घाला, खाजणार नाही. रोज खा. संकोच करू नका, आमच्या काकांनाही होतं." त्यानं दोन्ही हातांनी सुरण घेतला, लालबुंद झाला आणि वाकून काहीतरी पुटपुटला. असं दुखणं उघड झालं की माणूस लाजणारच.

१८ आषाढ

भूगोलानं माझा जीव घेतला आहे. पृथ्वी गोल आहे हे मी मान्य केलं, तेवढ्यासाठी भांडण कशाला. पण नकाशा डोक्यात राहत नाही. भिंतीवर कोरा नकाशा टांगून मास्तर म्हणतो, गंगा दाखवा, आणि माझं बोट कुठेतरी वाळवंटात जातं. परीक्षेला खुद्द इन्स्पेक्टर साहेब येणार आहेत. गणितात मी पावकी-निमकी झोपेत म्हणून दाखवीन, पण भूगोलात गेलो की सगळंच गेलं.

आज एक युक्ती सुचली. उकाडा आहे, हातात ताडाचा पंखा सगळ्यांच्याच असतो. पंख्याच्या आतल्या बाजूला बारीक शाईनं सगळा बंगाल काढला, नद्यांसकट. वारा घेता घेता बघायचं. माझ्या पाठशाळेत कोणी असं केलं असतं तर मी त्याला एका गुडघ्यावर बसवून हातावर वीट ठेवून नाडूगोपाल, लाडू धरलेला बाळकृष्ण, केला असता. पण पोरांना एवढं डोकं कुठे.

२१ आषाढ

पकडला गेलो.

चाचणीत सगळी उत्तरं बरोबर आली, हीच चूक झाली. महिम मास्तर जवळ आला, म्हणाला, "फार उकडतंय," आणि पंखा मागितला. द्यावा लागला. त्यानं सावकाश वारा घेतला, पंखा उलटा केला, बघितला. माझ्या डोळ्यांपुढे चंडीमंडप दिसला आणि त्यात मुखुज्यांचा भाचा माझ्या चटईवर. या एका गोष्टीवर मला आजच घरी पाठवता आलं असतं.

तो हळूच, मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "ताडाचं पान आत्ताच? आधी जमिनीवर."

 आमच्या पाठशाळेची ती पायरी आहे. पोर आधी जमिनीवर खडूनं गिरवतं, हात बसला की ताडाच्या पानावर, मग केळीच्या पानावर आणि सगळ्यात शेवटी कागदावर. एकही पायरी गाळू द्यायची नाही, हा माझा बाणा. या चष्मेवाल्याला हे कुठून कळलं? आमच्यासारख्या कुणा गुरूकडून उचललं असणार, आणि आता नवी पद्धत म्हणून मिरवणार.

शिक्षा अशी की रोज शाळा सुटल्यावर अंगणात बसून खडूनं बंगाल काढायचा. म्हाताऱ्या माणसाला धुळीत बसवतो, आणि स्वतः उन्हात उभा राहतो. पंखा परत दिला. तक्रार केली नाही.

११ श्रावण

अजून जमिनीवरच आहे. आज गंगा बरोबर आली पण ब्रह्मपुत्रा उलटी वाहिली. मास्तर म्हणाला, "पुसा." हा शब्द मी आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आलो, तो ऐकायला इतका वाईट असतो याची कल्पना नव्हती.

५ भाद्र

काल रात्री गावाबाहेर जात्रेचं नाटक होतं. बांछारामनं माझ्या अंथरुणात उशी घातली, मी त्याच्या, आणि कुंपणावरून गेलो. परत येताना माझं धोतर कुंपणात अडकून फाटलं. आज वर्गात अर्धे गुरू पेंगत होते, म्हणजे अर्धे तिथेच होते. मागच्या बाकावरून कुणीतरी मला सुपारी मारली, मी त्याच्यावर दोन मारल्या. हेडपंडितांनी विचारलं कोण ते, तर वर्गातल्या एकाही माणसानं तोंड उघडलं नाही. शाळेतली पोरं असं का करतात हे मला इतकी वर्षं कळत नव्हतं. मजा येते म्हणून करतात.

दाखवायच्या वहीत लिहिलं, 'रात्री लवकर निजलो.'

२४ भाद्र

ताडाच्या पानावरून केळीच्या पानावर आलो. आज डोळे मिटून पद्मा, मेघना, सगळ्या उतरल्या. मास्तरानं पान हातात घेऊन उजेडात धरलं आणि म्हणाला, "आता कागद." मी उड्या मारायचा तेवढा राहिलो. मग वाटलं, निम्म्या वयाच्या माणसानं शाबासकी दिली तर एवढं काय हुरळायचं. तरी संध्याकाळी आणखी एक सुरण घेऊन गेलो. त्यानं घेतला, पण आधीचा खाल्लेला दिसत नाही. पथ्य पाळत नाही.

१४ आश्विन

परीक्षा झाली. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

प्रत्येक गुरूनं साहेबांसमोर एक धडा शिकवून दाखवायचा होता, शाळेच्या लहान वर्गातली खरी पोरं घेऊन. छडी दरवाजाबाहेर. मी आत गेलो तर पोरांनी बाजार मांडला होता. एक दुसऱ्याच्या पाठीवर बसला होता. माझा उजवा हात आपोआप मागे गेला आणि तिथे काहीच नव्हतं. साहेब खुर्चीवर, शेजारी दुभाषे बाबू, कोपऱ्यात महिम मास्तर उभा.  गोडी लावा म्हणे. गोडी काय खिशात घेऊन फिरतो?

मग मी खडू घेतला आणि सरळ जमिनीवर बसलो. कोणाशी बोललो नाही. वर हिमालय काढला. पोरं वाकून बघायला लागली. त्यातल्या सगळ्यात लठ्ठ पोराला सांगितलं, तू हिमालय, इथे बस, हलायचं नाही. जो पाठीवर बसला होता त्याला आडवं पाडून गंगा केलं. दुसऱ्याला ब्रह्मपुत्रा. दोघांची डोकी खाली जिथे भिडली तिथे म्हटलं, आता इथून तुमचं पाणी एक. बाकीची पोरं ओरडायला लागली, मला पद्मा करा, मला मेघना करा.

साहेबांना नीट दिसेना म्हणून ते उठून पुढे आले आणि बूट घालून बरोबर बंगालच्या उपसागरात उभे राहिले.  माझ्या तोंडून गेलं, "साहेब, आपण समुद्रात आहात. पोहता येत असलं तर हरकत नाही."

दुभाषे बाबूंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी भाषांतर केलंच नाही. पण साहेबांना बंगाली थोडं येत होतं. त्यांनी खाली बुटांकडे बघितलं. माझी चटई, चंडीमंडप, सगळं वाहून गेलं असं मी धरून चाललो. साहेबांनी एक लांब टांग टाकली आणि विचारलं, "आता?"

जमिनीवर पडल्यापडल्या गंगा म्हणाली, "आता सिंहलद्वीपात, साहेब."

साहेब जे हसायला लागले ते खुर्चीत जाऊन बसेपर्यंत हसत होते. मग तोंडी प्रश्न विचारले. नद्या सगळ्या सांगितल्या. विलायतेतल्या एका डोंगराचं नाव विचारलं, ते आलं नाही. म्हणालो, तो डोंगर अजून माझ्या केळीच्या पानापर्यंत आलेला नाही. कोपऱ्यात महिम मास्तर चष्मा काढून पुसत होता.

पास झालो. तिसऱ्या श्रेणीत, पण पास. सर्टिफिकेट साहेबांच्या सहीचं यायचंय, ते दुर्गापूजेनंतर येऊन घ्यायचं.

१९ आश्विन

घरी आलो. पण घरी यायच्या आधी काय झालं ते लिहितो.

नदीवर अजूनही तोच जुना सनातन नावाडी होता, आता पार वाकला आहे. नाव मधोमध आली तेव्हा वल्हं मारता मारता म्हणाला, "आमचा महिम बरा आहे ना, गुरुमशाय?"

मी म्हटलं, कोण महिम?

"अहो, आमचा पेंचो. तुम्ही होता त्याच शाळेत मास्तर आहे ना तो. पाद्रीबाबांच्या शाळेत घातला तेव्हा चांगलं नाव सांगावं लागलं."

नावेत माणूस उठून कुठे जाणार? बसल्या जागी मला एकेक गोष्ट दिसायला लागली. गुरूचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून हजेरीत अडला. गुरूदेखत हुक्का ओढायचा नाही. गुरू समोर असताना खुर्चीवर बसायचं नाही. हे सगळं मीच छडी हातात घेऊन पोरांच्या डोक्यात भरलं होतं, आणि चार महिने समोर दिसत असून मला कळलं नाही. सुरणाची आठवण झाली आणि नदीवरच्या त्या वाऱ्यातही मला घाम फुटला.

सनातन आपल्याच नादात बोलत होता. म्हणाला, "लहानपणी एकच हट्ट होता त्याचा. एकदा तरी हातावर सरस्वती घेऊन घरी येणार म्हणायचा. पण ही नाव बांधायला मला दुसरं कोण होतं?"

काठ आला. माझ्या आधी उतरून कोणी नाव बांधणारं नव्हतं, म्हातारा एकटाच वाकून दोर ओढत होता. मी दुसरं टोक धरलं. गाठ मला जमली नाही, त्यानं सोडून पुन्हा मारली.

नियमात खोट नाही, हे मी आजही म्हणेन. फक्त नाव कोणीतरी बांधायला हवी, हे नियम करताना मला सुचलं नव्हतं.

१२ कार्तिक

पूजा झाली. मुखुज्यांना पास झाल्याचं सांगितलं, भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं. चटई माझीच राहिली. उद्या सर्टिफिकेट आणायला सदरला निघतो. परसातला सगळ्यात मोठा सुरण खणून काढला आहे.

१४ कार्तिक

काल सदरला पोचलो. बांछारामही सर्टिफिकेटासाठी आला होता, त्याच्याकडे उतरलो आणि त्याला कटात घेतलं. रोज शाळेत सगळ्यात आधी हेडपंडित येतात. त्यांना वाटेत अडवायचं काम त्याचं. म्हटलं, पृथ्वी गोल आहे तर खालच्या बाजूची माणसं पडत का नाहीत, हे विचार, आणि उत्तर पटलं तरी पटलं म्हणू नकोस.

मी उजाडताच शाळेच्या फाटकाजवळच्या बकुळीमागे जाऊन उभा राहिलो. मुंग्यांनी पाय फोडून काढले. शिपाई आला, त्याला खुणेनं पिटाळलं. एक गुरू लवकर उगवला, त्याला तंबाखू देऊन परत पाठवला. मग महिम येताना दिसला, एकटाच, छत्री काखेत. फाटक उघडून तो आत गेला. त्याच्या आधी आत कोणी नव्हतं, हे मी नीट बघून घेतलं, आणि मग झाडामागून बाहेर आलो.

"पेंचो," मी म्हणालो, "हात पुढे कर."

इंग्रजी शिकलेला, चष्मा लावलेला माणूस. पण हात पुढे आला, तळवा वर, आणि डोळे घट्ट मिटले. छडीची वाट बघत होता.  मी कमरेचा खडू काढला आणि जितकं सुबक येईल तितकं लिहिलं, श्री सरस्वती. माझं अक्षर परगण्यात नावाजलेलं आहे, पण आज जरा तिरकं आलं.

त्यानं डोळे उघडले आणि हाताकडे बघत राहिला. मग वाकून माझ्या पायांना हात लावला, पण डावा. उजवा पुसला जाईल म्हणून वर धरून ठेवला होता.

मी विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस, गाढवा?"

"सांगितलं असतं तर माझ्यासमोर बाकावर बसला असतात, गुरुमशाय?"

एक दिवससुद्धा बसलो नसतो. त्याच संध्याकाळी पेटी उचलून घरी, आणि आज चंडीमंडपात भाचा. हे त्याला बोलून दाखवलं नाही. त्याला ठाऊकच होतं.

मग त्यानं माझ्या हातातला खडू काढून घेतला. म्हणाला, "आपण दुसरे आलात." आणि माझ्या तळहातावर शून्य काढलं, चांगलं वाटोळं. मी म्हटलं, गुरूला शून्य देतोस? तर म्हणाला, "नियम म्हणजे नियम."

ही ओळ मी डाव्या हातानं वही धरून, उजव्याची फक्त बोटं वापरून लिहितो आहे, म्हणून अक्षर वाईट.

सर्टिफिकेट त्यानंच कपाटातून काढून दिलं. आत खुर्ची एकच होती. मी दाराशी जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, आता तरी बस, मी बघत नाही. बसला नाही. दुसऱ्यांदा हुकूम म्हणून सांगितलं, तरी बसला नाही. मग मी पिशवीतून सुरण काढून त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, काही का असेना, खाऊन बघ, गुण येतो.